डीएचसीपीद्वारे स्विचचे स्वयंचलित कॉन्फिगरेशन

खोक्यातून काढलेल्या कोऱ्या नेटवर्क स्विचला (केबलींनी यंत्रे एकमेकांना जोडणाऱ्या पेटीला) वीज आणि केबल मिळाली की तो डीएचसीपी सर्व्हरला (नेटवर्कवर येणाऱ्या यंत्रांना आयपी पत्ते वाटणाऱ्या संगणकाला) विचारून स्वतःचे कॉन्फिगरेशन आणतो, अशी ही पद्धत आहे. नेटवर्कवाले तिला झेडटीपी (झीरो टच प्रोव्हिजनिंग) म्हणतात. ती नसेल तर प्रत्येक स्विचपुढे लॅपटॉप आणि कन्सोल केबल घेऊन बसावे लागते. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यात शेडगणिक एकेक स्विच असेल आणि नेटवर्क सांभाळणारा माणूस दुसऱ्या गावी, तर ही सोय चैन राहत नाही.

डीएचसीपीचा पाया १९८५ च्या बूटपी या जुन्या प्रोटोकॉलमध्ये आहे; त्याचे आजचे प्रमाण रूप १९९७ चे (आरएफसी २१३१; आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज). कॉन्फिगरेशन नसलेला स्विच सुरू होताच ‘डिस्कव्हर’ संदेश सर्वत्र पाठवतो. उत्तरात आयपी पत्त्यासोबत ‘पर्याय’ येतात: ६६ मध्ये फाइल सर्व्हरचे नाव, ६७ मध्ये फाइलचे नाव. सिस्को १५० वा पर्याय वापरते, तर काही कंपन्या ४३ व्या पर्यायात आपापली माहिती भरतात. मग स्विच टीएफटीपी (फाइल पाठवण्याची एक साधी पद्धत) किंवा एचटीटीपीने फाइल उतरवून लागू करतो. सर्व्हर दुसऱ्या नेटवर्कात असेल, तर वाटेतला राउटर रिले बनून संदेश पुढे पोचवतो.

खरी अडचण ओळखीची असते. कोणत्या स्विचला कोणती फाइल द्यायची? मॅक पत्ता (यंत्राला कारखान्यातच मिळालेला नेटवर्क क्रमांक) किंवा सीरियल नंबरवरून ठरवले, तर यादी आधी बनवावी लागते आणि स्विच जळून नवा बसवला की तीही बदलावी लागते. त्यापेक्षा पर्याय ८२ सोयीचा. वरचा स्विच किंवा रिले त्यात विनंती कोणत्या पोर्टातून आली ते लिहितो, म्हणजे फाइल यंत्राऐवजी जागेशी बांधली जाते. सिंहस्थात तपोवनात उभ्या राहणाऱ्या साधुग्रामसारख्या तात्पुरत्या वस्तीला हेच सोयीचे: खांबावरच्या पेटीतला स्विच बदला, कॅमेऱ्यांची व्हीलॅन (त्याच केबलींवरचे वेगळे ठेवलेले उपनेटवर्क) तीच राहते. अट एवढीच, की केबल ठरलेल्या पोर्टातच लागली पाहिजे.

प्रत्यक्षात घोळ होतो तो वरच्या पोर्टावर. कोरा स्विच टॅग (व्हीलॅनचा क्रमांक) नसलेली विनंती पाठवतो. वरच्या ट्रंकची (अनेक व्हीलॅन वाहणाऱ्या दुव्याची) नेटिव्ह व्हीलॅन, म्हणजे टॅग नसलेले संदेश जिच्यात जातात ती, भलतीच असेल, तर ती सर्व्हरपर्यंत जातच नाही. जुन्या स्पॅनिंग ट्रीत (केबलींचे चक्र होऊ न देणाऱ्या व्यवस्थेत) पोर्ट मोकळा व्हायला नेहमीच्या वेळमर्यादेत ३० सेकंद लागतात. तेवढ्यात सुरुवातीच्या विनंत्या वाया जातात. दोन केबलींना मिळून एक दुवा बनवणारा एलएसीपी जोड आधीच चालू ठेवला, तर काही वेळा दुवाच उठत नाही, कारण नव्या स्विचला एलएसीपीची खबर नसते. उतरलेले कॉन्फिगरेशन काही यंत्रांत आपोआप जतनही होत नाही. वीज गेली की पुन्हा श्रीगणेशा.

सुरक्षेच्या बाबतीत ही पद्धत मूळची भोळी आहे. जो आधी उत्तर देईल त्याच्यावर स्विच विश्वास ठेवतो, आणि टीएफटीपीत ना पासवर्ड ना एन्क्रिप्शन. म्हणून डीएचसीपी स्नूपिंग (स्विचमधली डीएचसीपी संदेशांवरची पाळत) लावून फक्त विश्वासू पोर्टांतूनच उत्तरे येऊ देतात आणि झेडटीपीची व्हीलॅन वेगळी ठेवतात. फाइलमध्ये पासवर्ड असतील, तर हे टाळण्यासारखे नाहीच. २०१९ च्या आरएफसी ८५७२ ने दिलेल्या सुरक्षित झेडटीपीत स्विच अनोळखी सर्व्हरकडून आलेले कॉन्फिगरेशन डिजिटल सही तपासूनच स्वीकारतो.