गजीचे रिंगण आणि ओवीची रात्र : सातारा-सांगलीतील धनगरी कलांची पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातील माण-खटाव आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी, कवठे महांकाळ, जत या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात शेतीपेक्षा मेंढपाळीचा आधार जुना आहे. दिवाळीनंतर माळावरचा चारा संपू लागला की धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणाऱ्या कुटुंबांचे तळ, कृष्णा-वारणेच्या खोऱ्याकडे, काही थेट घाट उतरून कोकणाकडे निघत आणि पावसाच्या तोंडावर परतत, कारण घाटमाथ्याचा मुसळधार पाऊस मेंढरांना सोसत नाही. वाटेतल्या शेतकऱ्याच्या रानात वाघर (जाळ्याचे कुंपण) लावून मेंढरे बसवायची, लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य घ्यायचे, हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला. धनगरी ओवी आणि गजीनृत्य या दोन्ही कला याच वर्षचक्रात रुजल्या, आणि आज त्यांच्या जतनाची चर्चा करताना नेमका हाच संदर्भ बहुधा गाळला जातो.

ओवीची सुरुवात ‘सुंबरान मांडलं’ या शब्दांनी होते. प्रमुख गायक कानावर हात ठेवून ओळ उचलतो, साथीदार ती झेलतात, मध्येच गाणे थांबवून तोच प्रसंग गद्यात सांगितला जातो आणि कथा पुढे सरकते. सुरवंतीच्या पोटी धनगरांचा देव बिरोबा याचा जन्म, खंडोबा आणि धनगराची लेक बाणाई यांची कथा अशी कथानके एका बैठकीत आटोपणारी नव्हेत. त्यांना रात्र लागते. ऐकणाऱ्यांनाही कथा ठाऊक असल्याने गायकाला मोकळेपणाने तपशील वाढवता येतो, आणि एकच कथा दोन गायकांकडे दोन प्रकारे उभी राहते. गजीची गोष्ट निराळी. ढोल आणि कैताळ (मोठ्या झांजा) वाजवणारे मध्ये, भोवती फेटे बांधलेल्या, हातात रुमाल घेतलेल्या नाचणाऱ्यांचे रिंगण, आणि ठेका बदलला की पावलेही बदलायची. कवठे महांकाळ तालुक्यातील आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात किंवा गावोगावच्या जत्रांत भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या गर्दीत हे रिंगण आजही धरले जाते.

या परंपरेच्या लेखी नोंदींना विशेष जुना इतिहास नाही. 1885 च्या सातारा गॅझेटियरमध्ये धनगर येतात ते प्रामुख्याने मेंढपाळ आणि घोंगडी विणणारे म्हणून. विसाव्या शतकात वाळवा तालुक्यातील बागणी येथे जन्मलेल्या डॉ. सरोजिनी बाबर यांनी राज्याच्या लोकसाहित्य समितीमार्फत मौखिक साहित्याच्या संकलनाला भक्कम पाया दिला. धनगरी कथांचा पद्धतशीर अभ्यास मात्र गुंथर सोन्थायमर या जर्मन संशोधकाने केला. वाड्यांवर आणि जत्रांत फिरून त्यांनी ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा या देवतांवरचा त्यांचा ग्रंथ 1976 मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. घरच्या ओव्या समजून घ्यायला जर्मन ग्रंथाकडे जावे लागावे, हे आपल्या विद्यापीठांना फारसे भूषणावह नाही.

त्याच काळात कलेचा पाया हलू लागला होता. 1972 च्या दुष्काळाने अनेक कळप मोडले. नदीकाठी उसाचे क्षेत्र वाढले, पुढे म्हैसाळ आणि टेंभू योजनांचे पाणी दुष्काळी तालुक्यांत पोहोचले, माळ फुटून द्राक्षबागा उभ्या राहिल्या आणि चराईच्या वाटा तारेच्या कुंपणाने अडल्या. पाणी आले हे चांगलेच झाले, आणि ते नाकारण्याचा अधिकार बाहेरच्या कोणालाही नाही. परंतु कळप विकून स्थिरावलेल्या घरातील मुलाला वाड्यावरची रात्र मिळेनाशी झाली आणि ओवी शिकण्याची जागाच गेली.

गजी तगली, कारण ती रंगमंचावर नेता येते. मिरवणुका, युवा महोत्सव, समाजाची आंदोलने यांत ढोल वाजू लागला, मंडळांना सुपाऱ्या मिळू लागल्या. ठराविक मिनिटांत बसवताना पावलांची विविधता कमी होते खरी, पण तरुणांचे हात ढोलावर राहतात, हा लाभ मी मोठा मानतो. ओवीला असा मार्ग नाही. आकाशवाणीच्या कार्यक्रमात किंवा मोबाइलवरील चित्रफितीत तिचा तुकडा ऐकू येतो, पण कथा पुरी होत नाही.

म्हणून जतनाचा प्रयत्न करायचा तर संपूर्ण रात्रीची बैठक गद्यासह ध्वनिमुद्रित करावी लागेल. जतच्या पूर्व भागात आणखी एक अडचण येते. तेथे बिरोबा आणि कर्नाटकातील कुरुब या मेंढपाळ समाजाचा बीरप्पा एकच असून भक्त मराठी आणि कन्नड दोन्ही बोलतात. तेव्हा तेथील नोंदी घेणाऱ्याला दोन्ही भाषा येणे आवश्यक आहे.