उरलेल्या प्रकाशाचे रंग

निळ्यात पिवळा मिसळला की हिरवा होतो. हे आपण इतक्या लहान वयात शिकतो की त्यात काही नवल आहे असं पुढे कधी वाटतच नाही. पण नीट हिशेब मांडला तर असं व्हायलाच नको. निळी वस्तू पांढऱ्या प्रकाशातला निळा भाग परत पाठवते आणि बाकीचा गिळते. पिवळी वस्तू पिवळी दिसते ती नेमका निळा भाग गिळल्यामुळे. मग दोन्ही रंग एकत्र आले की निळ्याने सोडलेलं पिवळ्याने गिळावं आणि डोळ्यांपर्यंत काहीच पोहोचू नये. निळा अधिक पिवळा बरोबर काळा, असं उत्तर यायला हवं.

ते तसं येत नाही, कारण रंगपेटीतला निळा तितका निळा नसतो. निळ्याबरोबर तो थोडा हिरवा प्रकाशही सोडतो. पिवळाही हिरवा सोडतो. दोघांच्या तावडीतून सुटणारा एकच वाटा म्हणजे हिरवा, आणि तोच आपल्याला दिसतो. म्हणजे हा हिरवा मिळतो तो निळ्याच्या खोटेपणामुळे. निळा जितका आकाशीकडे, फिरोजीकडे झुकलेला, तितका हिरवा टवटवीत. हे झुकणं शेवटापर्यंत नेलं की जो रंग हाती येतो, त्याला छपाईवाले सायन म्हणतात. प्रिंटरच्या खोक्यावर ‘सी’ अक्षराने दाखवलेला तो हाच.

शाळेतलं ‘तानापिहिनिपाजा’ आठवा. डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. तो पट्टा ढोबळमानाने तीन तुकड्यांत कापला तर ४०० ते ५०० हा निळा भाग, ५०० ते ६०० हिरवा आणि ६०० ते ७०० तांबडा. आता छपाईच्या तीन शाया घ्या. सायन फक्त तांबडा भाग गिळते. मॅजेन्टा, म्हणजे साडीच्या दुकानातला राणी रंग, फक्त हिरवा गिळते. पिवळी फक्त निळा गिळते. प्रत्येक शाई एकेका वाट्यावरचा नळ आहे असं समजा. सायन जास्त घातली की तांबड्याचा नळ बंद होत जातो, आणि बाकीच्या दोन नळांना हातही लागत नाही. मॅजेन्टा आणि पिवळी एकावर एक आली की हिरवा व निळा दोन्ही नळ बंद, उरतो लाल. सायनवर मॅजेन्टा आली की उरतो निळा.

लाल, पिवळा, निळा हे मूळ रंग, ही शिकवण छपाईत तोकडी पडते ती इथे. लाल शाई एकाच वेळी दोन नळ बंद करते, निळीही दोन. ज्याला तीन नळ वेगवेगळे फिरवायचे आहेत, त्याच्या हातात अशा जोडलेल्या चाव्या काय कामाच्या? मॅजेन्टा आणि पिवळीतून लाल सहज होतो, पण लालमध्ये काहीही मिसळलं तरी लखलखीत मॅजेन्टा मिळत नाही. एकदा गिळलेला प्रकाश शाई परत देत नाही.

वाटे तीनच का, चार किंवा सात का नाहीत? याचं उत्तर प्रकाशात शोधून सापडणार नाही. प्रकाशाचा पट्टा सलग आहे, त्यात कुठेही कुंपण नाही. कुंपणं आहेत ती आपल्या डोळ्यांत. दृष्टिपटलावर तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात. त्यांचा प्रतिसाद साधारण ४२०, ५३५ आणि ५६५ नॅनोमीटरला सर्वांत तीव्र असतो, आणि मेंदूला रंग कळतो तो या तिघींच्या साक्षीवरूनच. पक्ष्यांच्या डोळ्यांत अशा चार प्रकारच्या पेशी असतात. त्यांना आपली छापील चित्रं हुबेहूब वाटण्याचं कारण नाही. मूळ रंग निसर्गाने ठरवलेले आहेत असं आपण समजतो. खरं तर ते माणसाच्या डोळ्याच्या मापाने बेतलेले आहेत.

हे सगळं कळण्याआधी छपाई करणाऱ्यांनी ते हाताने साधलं होतं, याचं मला फार कौतुक वाटतं. १६६७ मध्ये फ्रँकफर्टला जन्मलेला याकोब क्रिस्टोफ ल ब्लाँ तांब्याच्या पत्र्यांवर काम करायचा. न्यूटनचं प्रकाशावरचं पुस्तक त्याच्या काळातलंच, १७०४ चं. एकाच चित्रासाठी निळ्या, पिवळ्या आणि लाल शाईचे तीन वेगळे पत्रे कोरायचे आणि ते एकाच कागदावर एकावर एक छापायचे, ही त्याची पद्धत. तिचा हक्क त्याला १७१९ मध्ये इंग्लंडमध्ये मिळाला. १७२५ च्या सुमाराला त्याने ती पुस्तकातून मांडली आणि त्यात एक गोष्ट स्वच्छ सांगितली: प्रकाशाचे रंग एकत्र आले की पांढरं होतं, पदार्थांचे रंग एकत्र आले की काळं. कोणत्या पत्र्यावर कुठे किती खोल कोरायचं हे सांगायला त्याच्याकडे कॅमेरा नव्हता. समोरच्या माणसाच्या गालावरच्या रंगात पिवळा किती आणि लाल किती, हे तो नजरेने वेगळं काढायचा.

हे वेगळं काढण्याचं काम यंत्राकडे गेलं ते छायाचित्रणामुळे. १८६९ मध्ये लुई द्यूको द्यू ओरों आणि शार्ल क्रो या दोन फ्रेंच माणसांनी, एकमेकांची खबर नसताना, जवळपास एकच युक्ती जाहीर केली. एकच दृश्य तीन रंगीत काचांतून तीनदा टिपायचं. लाल काचेतून टिपलेल्या निगेटिव्हवर, दृश्यात जिथे तांबडा प्रकाश नाही ती जागा पारदर्शक राहते, आणि नेमकी तीच जागा सायनने भरायची असते. तसंच हिरव्या काचेतून मॅजेन्टाची प्रत आणि निळ्या काचेतून पिवळ्याची. आज स्कॅनर आणि संगणक हेच काम करतात, तत्त्व तेच आहे.

आता कागदाकडे. भिंतीचा रंग खालचं सगळं झाकतो, छपाईची शाई झाकत नाही. ऑफसेट छपाईत वाळलेल्या शाईचा थर जेमतेम एक मायक्रोमीटर असतो, केसाच्या जाडीच्या सत्तराव्या भागाएवढा, आणि तो रंगीत काचेसारखा पारदर्शक असतो. प्रकाश शाईतून खाली जातो, कागदावर आपटतो आणि पुन्हा शाईतूनच वर येतो. चित्रातला सगळा उजेड कागदाचा असतो, म्हणून पांढरी शाई लागत नाही. तेच चित्र पिवळट कागदावर छापलं की मलूल दिसतं, कारण निळा प्रकाश परत पाठवण्यात तो कागदच कमी पडतो.

पण फिकट आकाशी छापायचा कसा? छापखान्याचं यंत्र शाई पातळ करून लावू शकत नाही. त्या जागी शाई लागते किंवा लागत नाही, मधलं काही नाही. यावरचा तोडगा भिंगाखाली लगेच दिसतो. कोणतंही छापील चित्र पाहा, सगळे ठिपकेच ठिपके. गडद जागी मोठे, फिकट जागी बारीक. वर्तमानपत्रात इंचाला ८५ ते १०० ठिपक्यांची जाळी असते, चांगल्या मासिकात १५० ते १७५ ची. १५० च्या जाळीत दोन ठिपक्यांच्या केंद्रांमधलं अंतर ०.१७ मिलिमीटर भरतं. हातभर अंतरावरून डोळा ते वेगळे पाहत नाही, त्यांची सरासरी घेतो. छापील चित्रात त्यामुळे दोन हिशेब एकाच वेळी चालतात. जिथे ठिपके एकावर एक पडतात तिथे प्रकाशाची वजाबाकी होते, आणि जिथे शेजारी शेजारी पडतात तिथे डोळ्यात बेरीज.

जाळ्यांच्या कोनांमागे मोठं शहाणपण आहे, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. समजा सायनच्या ठिपक्यांनी अर्धा कागद व्यापला आहे आणि पिवळ्याच्या ठिपक्यांनीही अर्धा. दोन्ही जाळ्या एकाच दिशेने मांडल्या तर सगळे ठिपके नेमके एकावर एक पडून हिरवे होतील. पण धावत्या यंत्रात कागद किंचित सरकला की तेच ठिपके शेजारी शेजारी येतील आणि सगळ्या पानाचा रंग पालटेल. प्रत्येक प्रत निराळी. जाळ्या एकमेकींशी तिरक्या ठेवल्या की हे टळतं. कुठे ठिपका ठिपक्यावर पडतो, कुठे शेजारी, आणि एकंदरीत संभाव्यतेचा सरळ हिशेब लागू होतो: पाव भाग कोरा, पाव नुसता सायन, पाव नुसता पिवळा आणि पाव हिरवा. कागद थोडा सरकला तरी हे प्रमाण बदलत नाही. यंत्राचा हुकमीपणा वाढवण्याऐवजी त्याचा कंपच हिशेबात धरण्याची ही तऱ्हा मला सुंदर वाटते.

तिरक्या जाळ्यांमुळे मात्र लाटांसारखी नक्षी उमटू शकते. जाळ्यांमध्ये ३० अंशांचं अंतर ठेवलं की ती नक्षी इतकी बारीक होते की भिंगाखाली फक्त लहान लहान फुलं दिसतात. म्हणून प्रचलित मांडणीत सायन १५ अंशांवर, काळा ४५ वर, मॅजेन्टा ७५ वर. तिरप्या रेघा डोळ्याला सर्वांत कमी जाणवतात, म्हणून सर्वांत ठळक काळ्याला ४५ चा मान. पिवळ्यासाठी जागा उरत नाही. त्याला शून्यावर बसवतात, सायनपासून जेमतेम १५ अंशांवर. तो इतका फिका असतो की त्याची नक्षी कुणाच्या लक्षात येत नाही.

आता तो चौथा काळा कशाला, हा प्रश्न उरतो. तिन्ही नळ बंद झाले की अंधारच व्हायला हवा. कागदावरच्या हिशेबाने तसंच आहे, पण खऱ्या शायांना हा हिशेब पाळता येत नाही. मॅजेन्टा हिरव्याबरोबर निळाही थोडा गिळते, जणू तिच्यात आधीच पिवळा मिसळला आहे. सायन तांबड्याबरोबर हिरवाही थोडा गिळते. तिघींची सारखी मात्रा घेतली तर करड्याऐवजी तपकिरी येतो. स्वच्छ करडा हवा असेल तर ५० टक्के सायनसोबत मॅजेन्टा आणि पिवळा ४०-४० टक्क्यांच्या आसपास ठेवावे लागतात. तिन्ही पूर्ण छापल्या तरी उमटतो तो चिखलट काळपट. शिवाय एवढी ओली शाई एका जागी साचली की ती वाळत नाही, मागच्या पानाला डाग पडतात. बारीक अक्षरं तीन रंगांत छापायची म्हटली तर कागद केसभर हलला तरी प्रत्येक अक्षराला रंगीत कडा. काजळीपासून केलेली काळी शाई हे सगळे प्रश्न एका फटक्यात सोडवते, आणि स्वस्तही असते. तिचं ‘के’ हे अक्षर ‘की’ प्लेटवरून, म्हणजे जिच्याशी बाकीच्या प्लेटा जुळवायच्या त्या किल्लीच्या प्लेटवरून आलं असं मानतात.

सायनचा रंगही किती उशिरा सापडला पाहा. १९२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथच्या कारखान्यात एक पांढरं रसायन तयार होत होतं. भांड्याच्या आतल्या लेपाला तडा गेला, रसायन लोखंडापर्यंत पोहोचलं आणि भांड्यात गडद निळे कण दिसू लागले. ते कण टाकून न देता तपासले गेले. लोखंडाच्या जागी तांबं घेऊन केलेला त्याचा भाऊबंद, कॉपर थॅलोसायनीन, १९३५ मध्ये बाजारात आला. आज सायन शाईत बहुतेक हाच असतो.

इतकं करूनही पडद्यावरचे सगळे रंग कागदावर उतरत नाहीत. झगझगीत निळा छापला की जांभळट आणि मंद होतो, पोपटी हिरव्याची धार जाते. पडदा स्वतः उजेड देतो. कागदावर प्रत्येक जादा शाईनिशी उजेड घटत जातो. हवाच असेल तर तो रंग वेगळी शाई बनवून पाचव्या फेरीत छापावा लागतो.

भिंग घेऊन चारही शायांचे ठिपके शोधायला बसलात तर सायन, मॅजेन्टा आणि काळा लगेच सापडतील. पिवळा चकवेल, पांढऱ्या कागदावर तो जवळजवळ नसल्यासारखाच असतो. त्यासाठी खोलीत अंधार करा, मोबाइलच्या पडद्यावर संपूर्ण निळा रंग आणा आणि त्या उजेडात छापील चित्र धरा. पिवळे ठिपके काळेभोर होऊन वर येतात, कारण त्यांच्या वाट्याचा प्रकाश तेवढा एकच आहे आणि तो ते गिळून टाकतात. काही रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर यंत्राची ओळख सांगणारे अतिसूक्ष्म पिवळे ठिपके गुपचूप छापतात. तेही याच उजेडात दिसतात.

मग पडदा लाल करा. पिवळा आणि मॅजेन्टा नाहीसे होतात, समोर फक्त सायन आणि काळ्याची प्लेट उरते. हिरवा केलात की मॅजेन्टाची पाळी. या हिरव्या उजेडात सायनच्या ठिपक्यांकडे जरूर पाहा. हिशेबाप्रमाणे ते पूर्ण पुसले जायला हवेत, पण तिथे एक फिकट करडी छाया राहिलेली दिसेल. सायन जो प्रकाश गिळायला नको होता, तो तिने गिळलेला दिसतो आहे.