मेंदूतलं बर्डी स्टेशन

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागला होता. मामांच्या घरी दोन कुलर दिवसरात्र गरगरत होते, आणि मामा मामीला तिच्या धाकट्या बहिणीच्या नावानं हाका मारत होते. "कालपासून काहीबाही बोलून राहिले," मामी फोनवर म्हणाली. नागपूरच्या धंतोलीतल्या एका दवाखान्यात रक्त तपासलं तर सोडियम 114. असायला हवं 135 ते 145. बीपीची लघवी वाढवणारी गोळी, घामावाटे गेलेलं मीठ आणि त्यावर तांब्यामागून तांब्या साधं पाणी, असा सगळा हिशेब निघाला.

सलाईन लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळचा रिपोर्ट 120. मामेभाऊ तडकला. "काहून हो डॉक्टर, इतकं हळू? मिठाचंच पाणी आहे ना, सोडा की जोरात!"

"मुद्दाम हळू सोडतोय," डॉक्टर म्हणाले. "24 तासांत 8 च्या वर चढू द्यायचं नाही. घाई केली तर पॉन्सला धक्का बसेल."

भावाला आधी पावडरीचा डबाच आठवला. पण पॉन्स म्हणजे लॅटिनमध्ये पूल. मेंदूचा मोठा गोळा ज्या देठावर बसलेला असतो, त्या देठाचा मधला, पुढून फुगीर दिसणारा भाग. वर मध्यमेंदू, खाली लंबमज्जा, पाठीमागे लहान मेंदू. उंची जेमतेम अडीच सेंटीमीटर, अंगठ्याच्या वरच्या पेराएवढी. पुढच्या अंगाला मधोमध एक उथळ पन्हळ असते आणि तिच्यातून बॅसिलर नावाची रक्तवाहिनी वर चढते.

हे नाव पडलं ते कोस्टान्झो व्हारोलिओ या बोलोन्याच्या शरीरशास्त्रज्ञामुळे. त्याच्या काळी मेंदू कवटीतच ठेवून वरून चकत्या काढत खाली जायची रीत होती. तळाशी पोहोचेपर्यंत तिथल्या नाजूक भागांचा पार चेंदामेंदा व्हायचा. व्हारोलिओनं मेंदू बाहेर काढला, उलटा केला आणि बुडाकडून बघायला सुरुवात केली. लहान मेंदूच्या एका बाजूकडून दुसरीकडे गेलेला आडवा पट्टा त्याला दिसला, जणू कालव्यावरचा पूल. 1573 मध्ये त्यानं हे छापलं आणि 1575 मध्ये, वयाच्या बत्तिशीत, तो गेला. नाव टिकलं, पण खरं सांगायचं तर ते अर्धंच बरोबर आहे. हा पूल लहान मेंदूच्या दोन बाजू एकमेकींना जोडत नाही. त्यावरची वाहतूक येते वरून, मोठ्या मेंदूतून.

नागपूरकराला पुलापेक्षा बर्डीचं मेट्रो स्टेशन सांगितलं तर लवकर कळेल. ऑरेंज लाइन उत्तर-दक्षिण, अ‍ॅक्वा लाइन पूर्व-पश्चिम, आणि दोघींची गाठ सीताबर्डीत. खापरीला जाणारा माणूस गाडीतून उठतही नाही. लोकमान्य नगरला जाणारा उतरतो आणि गाडी बदलतो. पॉन्समध्ये हेच चालतं. हातपाय हलवायचा हुकूम घेऊन मणक्यातल्या मज्जारज्जूकडे निघालेले तंतू इथून सरळ खाली जातात. ते एका बाजूला साधारण 10 लाख. इथे उतरणारे मात्र त्याच बाजूला सुमारे 2 कोटी! पॉन्सच्या पुढच्या भागात विखुरलेल्या पेशींकडे ते आपला निरोप सोपवतात. त्या पेशींचे तंतू मधली रेघ ओलांडून पलीकडच्या लहान मेंदूत शिरतात. मेट्रोत प्रवासी तोच राहतो, इथे निरोप तोच आणि प्रवासी नवा, एवढाच फरक.

एवढी गर्दी कशासाठी? उजव्या हातानं पाण्याचा पेला उचलायचा हुकूम डावा मोठा मेंदू देतो. त्या हुकमाची एक नक्कल पॉन्समार्गे उजव्या लहान मेंदूकडे जाते. हात किती पुढे न्यायचा, कुठे थांबायचा, हे तो बघतो. ती नक्कल पोचली नाही तर हातात जोर असूनही पेला सांडतो.

पॉन्सचा आडवा छेद घेतला तर पुढचा भाग बाजेच्या नवारीसारखा विणलेला दिसतो. आडव्या पट्ट्यांच्या मधूनमधून उभ्या तंतूंच्या जुड्या गेलेल्या. वरून एका जुडग्यानं आलेले हे तंतू इथे वेगवेगळ्या जुड्यांत फुटतात आणि खाली लंबमज्जेत पुन्हा एकत्र होतात. विणीच्या फटीफटींत बसलेल्या असतात त्या गाडी बदलून देणाऱ्या पेशी.

मामांच्या सलाईनचा धागा याच विणीत अडकलेला होता. रक्तातलं सोडियम उतरलं की पाणी मेंदूच्या पेशींत शिरू लागतं. कवटीत फुगायला जागा नाही, म्हणून पेशी आपल्या आतले क्षार आणि काही सेंद्रिय रेणू बाहेर टाकतात आणि दोनेक दिवसांत नव्या परिस्थितीशी जमवून घेतात. आता बाहेरचं सोडियम एकदम चढवलं, तर पाणी उलटं बाहेर पळतं आणि पेशी आक्रसतात. टाकलेलं सामान परत भरायला त्यांना दिवस लागतात. यात मोठा मार खातात त्या तंतूंवर मायलिनचं वेष्टण चढवणाऱ्या पेशी. पॉन्समध्ये करड्या पेशी आणि पांढरे तंतू असे एकमेकांत गुंतलेले असल्यामुळेच हा घाव तिथे जास्त बसतो, असं मानलं जातं.

मायलिन जाण्याच्या या आजाराचं वर्णन पहिल्यांदा 1959 मध्ये झालं. पॉन्सच्या ऐन मध्यावर मायलिन गेलेलं होतं आणि कारण कळत नव्हतं. सोडियमशी त्याचं नातं पुढच्या पंचवीसेक वर्षांत उलगडलं. आजार दुर्मीळ आहे, पण लबाड. सोडियम चढलं की पेशंट आधी शुद्धीवर येतो, घरचे पेढे वाटायच्या बेतात असतात, आणि दोन ते सहा दिवसांनी जीभ अडखळू लागते, घास गिळवत नाही, हातपाय लुळे पडतात. फारच वाईट झालं तर माणूस पूर्ण जागा असतो, ऐकतो, समजतो, पण हलवता येतात फक्त पापण्या आणि डोळे, तेही वर-खाली. डोळे आडवे फिरवणारी यंत्रणा पॉन्समध्ये आहे, वर-खाली फिरवणारी मध्यमेंदूत, म्हणून तेवढीच वाचते.

विणीच्या पाठीमागच्या भागात वेगळाच संसार आहे. चेहऱ्याची संवेदना, चावणं, डोळा बाहेरच्या बाजूला वळवणं, हसू, ऐकणं आणि तोल, अशा कामांच्या चार नसांच्या जोड्या पॉन्सशी बांधलेल्या आहेत. स्वप्न पडत असताना आपण अंथरुणातून उठून धावत नाही, कारण पॉन्समधल्या काही पेशी तेवढ्यापुरता हातापायांचा कारभार बंद ठेवतात. अर्धवट जाग आली आणि हा बंद उठला नसेल, तर छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतं. आमच्याकडे त्याचं खापर बिचाऱ्या भुतावर फुटतं.

तिसऱ्या दिवशी 126, चौथ्या दिवशी 131. त्यानंतरही डॉक्टर राऊंडला आले की मामांसमोर पेन धरायचे. "बोट पेनाला लावा, मग नाकाला." पेन डावीकडे, उजवीकडे, थोडं वर. आठवड्याभरानंतरही मामांचं बोट बरोबर पेनाच्या टोकावर आणि नाकाच्या शेंड्यावर पडत होतं. चौथ्यांदा पेन पुढे आलं तेव्हा मामा मामीकडे वळले, या वेळी तिच्याच नावानं हाक मारली आणि म्हणाले, "याहिले पेन नको असंल तर ठेवून घे वं, अन् चहा सांग."