अमूर ससाणा

अमूर ससाणा हा फाल्कोनिडी कुळातला लहान चणीचा, पण फार लांब पल्ल्याचा स्थलांतरित शिकारी पक्षी. शास्त्रीय नाव फाल्को अमुरेन्सिस. रशिया आणि चीन यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या अमूर नदीच्या प्रदेशात त्याची वीण होते, त्यावरून हे नाव पडले. वर्षातले काही महिने पूर्व आशियात, काही महिने आफ्रिकेच्या दक्षिण भागात आणि उरलेला काळ प्रवासात, असा त्याचा वर्षक्रम आहे. जाऊन-येऊन अंतर भरते सुमारे २०,००० किलोमीटर. या प्रवासातला सर्वांत मोठा मुक्काम ईशान्य भारतात पडतो.

ससाणा म्हटले की कड्यावर एकटा बसलेला, आपल्या हद्दीत दुसऱ्याला न खपवून घेणारा बहिरी ससाणा आठवतो. अमूर ससाण्याचा स्वभाव अगदी उलटा आहे. तो थव्याने उडतो, थव्याने खातो, रात्री हजारोंच्या संख्येने एकाच झाडोऱ्यात झोपतो आणि घरटीही एकमेकांच्या जवळ करतो. त्याचे खाणे, त्याचा प्रवास आणि त्याच्यावर २०१२ साली ओढवलेले संकट, या सगळ्यांचा संबंध या गर्दीच्या सवयीशी आहे.

ओळख

लांबी २८ ते ३० सेंटिमीटर, पंखविस्तार जेमतेम पाऊण मीटर. नराचे वजन साधारण १०० ते १५० ग्रॅम, मादी थोडी जड. म्हणजे वजनाने हा पक्षी पारव्याच्या निम्म्याच्या आसपास. समुद्र ओलांडणारा शिकारी पक्षी एवढासा असेल असे पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटत नाही.

नर वरून काजळी राखाडी, खालून फिकट राखाडी असतो. मांड्या आणि शेपटीखालचा भाग विटकरी तांबडा. पाय, डोळ्याभोवतीचे कडे आणि चोचीच्या मुळाची कातडी भगव्या-लाल रंगाची. नखे मात्र फिकट, जवळजवळ पांढरी असतात. दुर्बिणीतून बसलेला पक्षी नीट दिसला तर ही नखे चटकन डोळ्यांत भरतात, कारण बहुतेक ससाण्यांची नखे काळी असतात. उडताना नराची खूण वेगळी : पंखाखालचा पुढचा भाग पांढराशुभ्र आणि मागची उड्डाणपिसे काळपट. मादी अगदी निराळी दिसते. पाठ राखाडी, त्यावर गडद पट्टे. पोट दुधी, त्यावर काळे ठिपके आणि रेघा. गालावर मिशीसारखा गडद ओघळ. नर-मादी शेजारी बसलेले असले तर दोन वेगळ्या जातींचे पक्षी आहेत असे नवख्याला वाटते. पिल्ले मादीच्या वळणावर जातात.

युरोप आणि मध्य आशियात वीण करणारा लाल पायांचा ससाणा हा याचा जवळचा नातलग. गुस्ताफ राडे या निसर्ग-अभ्यासकाने १८६३ मध्ये अमूर ससाण्याचे वर्णन केले, तेव्हापासून बराच काळ तो लाल पायांच्या ससाण्याची उपजाती मानला जात होता. दोघांचे विणीचे प्रदेश बहुतांशी वेगळे आहेत आणि नराच्या पंखाखालचा पांढरा रंग फक्त अमूरमध्ये सापडतो. आता दोन्ही जाती स्वतंत्र मानतात.

आहार

हा मुख्यतः कीटकांवर जगणारा ससाणा आहे. नाकतोडे, टोळ, भुंगेरे, चतुर आणि पंख फुटलेली वाळवी हे त्याचे नेहमीचे खाणे. शिकार करायच्या त्याच्या दोन तऱ्हा. एक म्हणजे खरूची या लहान ससाण्यासारखे पंख फडफडवत हवेत एका जागी थांबायचे आणि खाली गवतात काही हलले की झेप टाकायची. दुसरी तऱ्हा उडत्या कीटकांसाठी : किडा पायाने पकडायचा, उडता-उडताच पाय पुढे घेऊन चोचीने पंख तोडून टाकायचे आणि उरलेला गिळायचा. वाळवी उठली असेल तर एकेक पक्षी हे पुन्हा पुन्हा करत राहतो आणि खाली तुटलेल्या पंखांचा सडा पडतो. पिल्लांना भरवण्याच्या काळात तो लहान पक्षी, बेडूक, उंदरासारखे प्राणीही आणतो. पण तो जोडधंदा म्हणायचा.

कीटक एका ठिकाणी अचानक प्रचंड संख्येने उपलब्ध होतात आणि तितक्याच अचानक संपतात. अशा अन्नावर जगणाऱ्याला हद्द राखून काही फायदा नसतो. जिथे वाळवी उठली तिथे शंभर जण जेवले तरी एकाचे काही कमी होत नाही, उलट शेजारी कुठे झेपावला ते पाहून अन्न लवकर सापडते. अमूर ससाण्याच्या गर्दीची सवय मला तरी इथून सुरू झालेली दिसते.

वीण

आग्नेय सैबेरिया, उत्तर व ईशान्य मंगोलिया, ईशान्य चीन आणि उत्तर कोरिया हा विणीचा प्रदेश. मोकळी गवताळ जमीन आणि मधूनमधून झाडे त्याला लागतात. स्वतः घरटे बांधण्याच्या भानगडीत तो पडत नाही. मॅगपाय (कावळ्याच्याच कुळातला एक पक्षी) आणि कावळे यांची जुनी घरटी घेतो. मे-जूनमध्ये मादी तीन-चार अंडी घालते. नर आणि मादी आळीपाळीने उबवतात, साधारण महिन्याने पिल्ले बाहेर येतात आणि आणखी महिनाभरात उडू लागतात. पहिल्या मोठ्या प्रवासाला निघताना पिल्लाचे वय जेमतेम दोन-तीन महिन्यांचे असते.

स्थलांतर

ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात पक्षी विणीचा प्रदेश सोडतात. तिबेटचे पठार आणि हिमालय यांना पूर्वेकडून वळसा घालून ते ईशान्य भारत आणि बांगलादेशाच्या बाजूला उतरतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या अखेरपर्यंत नागालँड, मणिपूर, आसाम आणि मेघालयाच्या डोंगरांत त्यांचा तळ असतो. पावसाळा सरता-सरता तिथे पंखवाली वाळवी मोठ्या प्रमाणात बाहेर पडते. दोन-तीन आठवडे पोटभर खाऊन पक्षी अंगात चरबी साठवतात, कारण पुढच्या टप्प्यात खायला मिळेल याची खात्री नसते.

पुढचा टप्पा म्हणजे भारतीय द्वीपकल्प आडवे कापून अरबी समुद्रावर जाणे आणि थेट सोमालिया-केनियाच्या दिशेने उतरणे. नुसता समुद्रच ३,००० किलोमीटरांच्या आसपास आहे. घारी-गरुडांसारखे मोठे शिकारी पक्षी उष्ण हवेच्या झोतावर तरंगत जातात आणि असे झोत जमिनीवर तयार होत असल्याने समुद्र शक्यतो टाळतात. अमूर ससाणा पंख मारत, दिवसरात्र न थांबता जातो. त्याच्या मदतीला असतो तो वारा. नोव्हेंबर-डिसेंबरात अरबी समुद्रावर ईशान्येकडून वारे वाहतात आणि प्रवाशाला पाठीमागून ढकलतात. परतीच्या वेळी, एप्रिलअखेर आणि मेमध्ये, वाऱ्याची दिशा उलटू लागलेली असते. नैर्ऋत्येचे वारे त्याला आफ्रिकेच्या शिंगावरून भारताकडे आणतात. ज्या वाऱ्यांच्या भरवशावर गलबते एकेकाळी आफ्रिका आणि कोकण-मलबार यांच्यात ये-जा करत, त्याच वाऱ्यांवर या पक्ष्याचे वेळापत्रक बसलेले आहे. परतताना तो भारतात रेंगाळत नाही, त्यामुळे वसंतातले मोठे थवे इथे सहसा पाहायला मिळत नाहीत.

समुद्रावर तो काही खातो का, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. मालदीवमध्ये काम करणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये एक लक्षवेधी मांडणी केली. मालदीवमध्ये दरवर्षी ऑक्टोबरपासून लाखो चतुर येतात. हे भटके चतुर (पँटाला फ्लॅव्हेसेन्स) गोड्या पाण्यात अंडी घालणारे, आणि मालदीवच्या बेटांवर साठून राहणारे गोडे पाणी जवळजवळ नाहीच. तेव्हा ते भारतातून आफ्रिकेकडे चाललेले प्रवासी असले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे. अमूर ससाणे आणि आणखी काही कीटकभक्षी पक्षी याच काळात, याच वाऱ्यावर निघतात. शिदोरी बरोबर उडते आहे, अशी ही कल्पना. ती आकर्षक आहे, परंतु समुद्रावर रात्री कोण कोणाला खातो हे पाहणे कठीण असल्याने ती अंदाजाच्या पातळीवरच आहे.

हा मार्ग नेमका कळला तो उपग्रहाच्या साहाय्याने. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या न्यूकॅसल गावी काही पक्ष्यांना सॅटेलाइट टॅग, म्हणजे उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळवणारी छोटी यंत्रे, लावले गेले. नंतर नोव्हेंबर २०१३ मध्ये नागालँडचे वनखाते, भारतीय वन्यजीव संस्था आणि हंगेरीचे पक्षी-अभ्यासक यांनी मिळून तीन पक्ष्यांच्या पाठीवर सौर ऊर्जेवर चालणारे पाच-पाच ग्रॅमचे टॅग बसवले. त्यांची नावे ठेवली नागा, पांगती आणि वोखा. नागालँड सोडल्यावर साडेपाच दिवसांच्या आसपास न थांबता सुमारे ५,६०० किलोमीटर कापले गेल्याचे या टॅगांवरून दिसले. नागा आणि पांगती आफ्रिकेतून विणीच्या प्रदेशात गेले आणि पुढच्या शरदात पुन्हा नागालँडमध्ये आले. २०१९ मध्ये मणिपूरमधल्या तामेंगलाँग जिल्ह्यात टॅग लावलेल्या चिउलोन आणि इरांग या पक्ष्यांच्या प्रवासाकडे तर लोक क्रिकेटच्या धावफलकाकडे पाहावे तसे डोळे लावून बसले होते.

दोयांगचे जाळे

नागालँडच्या वोखा जिल्ह्यात दोयांग नदीवर जलविद्युत प्रकल्पासाठी धरण झाले. जलाशयाभोवतीच्या झाडीत ससाण्यांनी प्रचंड मोठा रातथारा, म्हणजे रात्री एकत्र झोपायची जागा, केला. संध्याकाळी सगळे आभाळ काळे होऊन फिरू लागते, मग थवे एकेक करून झाडांवर उतरतात आणि फांदी दिसेनाशी होते. याच धरणाने जवळच्या गावांतल्या लोथा या नागा जमातीच्या शेतकऱ्यांची चांगली जमीन पाण्याखाली घातली आणि त्यांच्या हातात मासेमारीची जाळी दिली. ती जाळी उंच झाडांमध्ये ताणली की अंधारात उतरणारे पक्षी आपोआप अडकत. त्यासाठी नेम लागत नाही की दबा धरावा लागत नाही.

ऑक्टोबर २०१२ मध्ये पत्रकार बानो हरालू आणि त्यांच्यासोबत निसर्गसंवर्धनात काम करणारे रामकी श्रीनिवासन, शशांक दळवी आणि रोकोहेबी कुओत्सू तिथे पोहोचले. कन्झर्वेशन इंडिया या निसर्गसंवर्धनाच्या संकेतस्थळाने त्यांचे चित्रीकरण प्रसिद्ध केले. मच्छरदाण्यांत जिवंत कोंबलेले शेकडो ससाणे, पिसे काढून धुरावर वाळवत ठेवलेले पक्षी, विकण्यासाठी काठ्यांना टांगलेले झुपके हे सगळे त्यात होते. रोज १२,००० ते १४,००० आणि त्या हंगामात १,२०,००० ते १,४०,००० पक्षी मारले गेले असावेत, असा त्यांचा अंदाज होता.

पुढच्याच वर्षी दोयांगवर शिकार थांबली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून होता आणि स्थलांतरित प्रजातींविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा भारत १९८३ पासून सदस्य आहे. तरी बदल घडवला तो गावांनीच. पांगती व शेजारच्या गावांच्या ग्रामसभांनी बंदीचे ठराव केले, दंड ठरवले, चर्चमधून आवाहने झाली, आणि रातथाऱ्याच्या जमिनीचे मालक संघटना करून राखणीला उभे राहिले. ज्यांची कमाई बुडाली त्यांच्या पोटाचा प्रश्न मात्र एका हंगामात सुटला नाही, आणि गावकऱ्यांच्या कौतुकाच्या बातम्यांत ही गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते. पक्षी एका जागी गोळा होत असल्यामुळे कत्तल सोपी झाली होती. त्याच कारणाने काही गावांनी मनावर घेताच राखणही शक्य झाली. विखुरलेल्या पक्ष्याचे असे रक्षण कोणाला जमले नसते.

लोथा भाषेत या ससाण्याला एनिनुम म्हणतात, तामेंगलाँगमध्ये अखुआइपुइना. तिथे आणि आसामच्या दिमा हसाओ जिल्ह्यातल्या उमरांगसो इथेही मोठे रातथारे आहेत. सगळीकडे चित्र सारखे नाही : २०१८ मध्ये तामेंगलाँगला टॅग लावून 'मणिपूर' असे नाव दिलेला नर काही दिवसांतच मारलेला सापडला.

आफ्रिकेत आणि महाराष्ट्रात

डिसेंबर ते एप्रिल हे पक्षी दक्षिण आफ्रिका, बोत्सवाना, झिंबाब्वे, मोझांबिक, मलावी या पट्ट्यातल्या गवताळ प्रदेशांत असतात. दिवसा शेतांवर नाकतोडे आणि टोळ, रात्री गावाजवळच्या निलगिरीच्या झाडांवर पुन्हा हजारोंची गर्दी. गारपिटीची एखादी रात्र अशा रातथाऱ्यावर आली तर सकाळी झाडाखाली शेकडो मेलेले पक्षी सापडतात. टोळांवर मारलेली कीटकनाशके हा दुसरा धोका. तरीही एकूण संख्या मोठी असल्याने आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत ही जात कमी काळजीच्या गटात आहे.

महाराष्ट्रावरून हे पक्षी नोव्हेंबर-डिसेंबरात पुढे जातात. लोणावळ्याच्या आसपासच्या माळांवर दरवर्षी काही थवे दिसतात, पण नागालँडसारखा मुक्काम इथे नसतो. आज तारेवर बसलेले वीसेक पक्षी उद्या सकाळी समुद्रावर असू शकतात. एका नजरेत ते खरूची वाटतात. भगवे-लाल पाय, फिकट नखे, आणि नर उडाला तर पंखाखालचा पांढरा रंग, एवढे पाहून घ्यावे.