औद्योगिक विकरांचे कार्यमापन

विकर म्हणजे एंझाइम, सजीवांच्या पेशींत तयार होणारा प्रथिनरूप उत्प्रेरक. कारखान्यातील विकराकडून माल किती मिळतो, किती शुद्ध मिळतो आणि किती काळ मिळत राहतो, हे ठरवण्याला त्याचे कार्यमापन म्हणतात.

प्रयोगशाळेत विकराची ताकद एककांत सांगतात. ठरावीक तापमान व सामूला (pH, म्हणजे आम्लता-अल्कतेचे माप) १ मिनिटात १ मायक्रोमोल (रेणूंच्या संख्येवरून ठरणारे पदार्थाचे माप) पदार्थाचे रूपांतर करणारी मात्रा म्हणजे १ एकक. खरेदीच्या वेळी हाच आकडा पुढे केला जातो. पण त्यावर विसंबणे चुकीचे आहे, कारण तो ताज्या विकरावर, पातळ द्रावणात आणि अभिक्रियेच्या पहिल्या काही मिनिटांत घेतलेला असतो. कारखान्याच्या टाकीत कच्चा माल दाट असतो, तयार झालेला माल तिथेच साचत जातो आणि तेच विकर पुन्हा पुन्हा वापरायचे असते.

पेनिसिलिन ॲसिलेजवरून हे स्पष्ट होते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही या विकरावर बरेच संशोधन झाले आहे. ते पेनिसिलिन-जीचे तुकडे करून ६-ॲमिनोपेनिसिलॅनिक आम्ल देते आणि त्यापासून ॲम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही प्रतिजैविके बनतात. जुन्या रासायनिक पद्धतीत उणे ४० अंशांपर्यंतची थंडी, फॉस्फरस पेंटाक्लोराइड आणि क्लोरीनयुक्त द्रावके लागत. विकराला पाणी आणि कोमट तापमान पुरते. अभिक्रियेत फेनिलॲसेटिक आम्ल सुटते. सामू ८ च्या आसपास टिकवण्यासाठी अल्कली सोडत राहावी लागते आणि अल्कली किती खर्च झाली यावरूनच काम कुठवर आले ते कळते. इतके सोपे मोजमाप फार थोड्या प्रक्रियांच्या नशिबी असते. मात्र सुटलेले आम्ल आणि तयार झालेला माल दोन्ही विकराला अडवतात, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात वेग पडतो. अल्कली जिथे पडते तिथे नीट ढवळले गेले नाही, तर तेवढ्या जागी सामू चढून पेनिसिलिन आणि विकर दोन्ही खराब होतात.

हे विकर सूक्ष्म दाण्यांवर बांधून वापरतात, म्हणजे ते गाळून परत मिळते. अशा वेळी दाणे कुटून वेग पुन्हा मोजावा. कुटल्यावर वेग बराच वाढला, तर कच्चा माल दाण्याच्या आतपर्यंत पोचत नव्हता आणि आतले विकर बसून होते असे समजावे. दाणे ढवळण्याने झिजतात का, त्यांच्या चुऱ्याने गाळणी तुंबते का, हेही पाहावे लागते. एककांत सांगितलेल्या ताकदीच्या आकड्यात यातले काही दिसत नाही.

आयुष्याचा हिशेब तर चक्रवाढीसारखा चालतो. दर खेपेला ९९ टक्के ताकद टिकली तर १०० खेपांनंतर सुमारे ३७ टक्के उरते. ९७ टक्के टिकली तर जेमतेम ५ टक्के. सुरुवातीला दुप्पट वेगवान असलेले विकर अशा दोन टक्क्यांच्या फरकाने मागे पडू शकते. म्हणून १ किलो विकराने त्याच्या आयुष्यात किती किलो माल दिला, हे सर्वांत उपयोगी माप आहे. मक्याच्या साखरपाकासाठी वापरले जाणारे, बांधून ठेवलेले ग्लुकोज आयसोमरेज या मापाने १० टनांच्या पुढे जाते. पाक स्वस्त असल्याने त्याला तसे जावेच लागते; महागड्या औषधाला याहून कितीतरी कमी चालते.

तुलना करताना समोर उपलब्ध असलेली सर्वांत चांगली पद्धत ठेवावी. मधुमेहावरील सिटाग्लिप्टिन या औषधासाठी मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांनी ट्रान्सॲमिनेज विकर घडवले, ते ऱ्होडियम उत्प्रेरकाच्या आधीच सुधारलेल्या पद्धतीशी ताडून पाहिले गेले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एकूण उतारा १० ते १३ टक्क्यांनी व उत्पादकता ५३ टक्क्यांनी वाढली, तर टाकाऊ पदार्थ १९ टक्क्यांनी घटले. सुरुवातीच्या विकराला हे औषध बनवण्यासाठीचा कच्चा माल जवळजवळ पचतच नव्हता. निवडीच्या अनेक फेऱ्यांनंतर ते लिटरला २०० ग्रॅम कच्चा माल आणि निम्मे सेंद्रिय द्रावक असलेल्या मिश्रणात काम करू लागले.