गोड पदार्थ, आनुवंशिक फळशर्करा-असहिष्णुतेतील : मराठवाडा

आनुवंशिक फळशर्करा-असहिष्णुता (फ्रुक्टोज असहिष्णुता) या जन्मजात चयापचय-विकारात फळशर्करा, तिचा अंश असलेली ऊसशर्करा (सुक्रोज) आणि शरीरात फळशर्करेत रूपांतरित होणारा सॉर्बिटॉल हे तिन्ही घटक जन्मभर वर्ज्य असतात. त्यामुळे साखर, गूळ, काकवी, मध, उसाचा रस आणि जवळजवळ सर्व फळे ताटाबाहेर जातात. दुग्धशर्करा (लॅक्टोज), द्राक्षशर्करा (ग्लुकोज) व पिष्ट (स्टार्च) मात्र निर्धोक राहतात. अशा रुग्णाला चालणारे गोडधोड मराठवाड्याच्या खाद्यपरंपरेत कोठे सापडते व कोठे करून घ्यावे लागते, याचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे.

इतिहास व कारणमीमांसा : फळशर्करा लघवीवाटे उतरण्याचा निरुपद्रवी प्रकार 1876 पासून वैद्यकाला ठाऊक होता. तो वेगळा विकार असून त्याला पथ्य लागत नाही. प्रस्तुत विकाराचे पहिले वर्णन बहुधा 1956 मधील, लंडनच्या चेंबर्स व प्रॅट यांचे. त्यांनी एका तरुण स्त्रीला फळशर्करा सोसत नसल्याचे नोंदवले, पण ती व्यक्तिगत प्रकृतिविशेषता मानली. पुढच्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील फ्रोश व सहकाऱ्यांनी कुटुंबात चालत येणारा स्वतंत्र चयापचय-विकार म्हणून त्याची मांडणी केली. शोधाचे श्रेय काही लेखक पहिल्या निवेदनाला देतात. आनुवंशिकता दाखवली ती 1957 च्या लेखाने, हे लक्षात घेता फ्रोश यांच्याकडे झुकणारे मत अधिक सयुक्तिक वाटते. 1961 मध्ये हेर्स व जोआसँ यांनी यकृतातील ॲल्डोलेज या विकराची (एन्झाइमची) उणीव दाखवून कारणाचा प्रश्न निकाली काढला.

या विकराचा ‘बी’ हा प्रकार यकृत, मूत्रपिंड व लहान आतडे यांत कार्य करतो. त्याचे जनुक नवव्या गुणसूत्रावर आहे. फळशर्करेवर पहिल्या पायरीत फॉस्फेट चढते व फ्रुक्टोज-1-फॉस्फेट तयार होते. त्याचे विभाजन करणारे ॲल्डोलेज-बी नसल्यास ते पेशीत साचते. फॉस्फेट अडकून पडते, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचा साठा घटतो, युरिक आम्ल वाढते. शिवाय साठवलेल्या ग्लायकोजेनपासून ग्लुकोज सुटण्याची व नवे ग्लुकोज तयार होण्याची, अशा दोन्ही वाटा बंद होतात. म्हणून गोड खाल्ल्यावर रक्तातील साखर वाढण्याऐवजी कोसळते. उलट्या, घाम, ग्लानी व प्रसंगी झटके ही तात्कालिक लक्षणे होत. सेवन चालू राहिल्यास यकृत वाढते, कावीळ होते, मूत्रपिंडांना इजा पोहोचते आणि मुलाची वाढ खुंटते.

आनुवंशिकता अप्रभावी स्वरूपाची असल्याने सदोष जनुक आई व वडील दोघांकडून यावे लागते. मामाच्या मुलीशी विवाहाची रूढी मराठवाड्यातील अनेक समाजांत आहे, त्यामुळे घराण्यात हे जनुक असल्यास दोन वाहक (सदोष जनुकाची एकच प्रत असलेल्या निरोगी व्यक्ती) एकत्र येण्याची शक्यता वाढते. युरोपात सुमारे 20,000 ते 30,000 जन्मांमागे एक असे प्रमाण मानले जाते. तेथील सर्वाधिक आढळणारे उत्परिवर्तन (जनुकातील बदल) जुन्या लेखांत ‘ए149पी’, तर पहिले अमिनो आम्ल मोजणाऱ्या नव्या पद्धतीत ‘ए150पी’ असे लिहितात, दोन्ही एकच. भारतातील एका समाजात याहून निराळे उत्परिवर्तन वारंवार आढळले असल्याने केवळ युरोपीय उत्परिवर्तने शोधणारी तपासणी अपुरी ठरते; संपूर्ण जनुक वाचणे इष्ट. फळशर्करा पाजून श्वास तपासण्याची चाचणी आतड्यातील शोषणाच्या तक्रारीसाठी असते. ती या रुग्णांना धोक्याची आहे.

गूळ व साखर : साखरेचा एक चमचा सुमारे 5 ग्रॅमचा धरल्यास त्यातून अडीच ग्रॅमहून थोडी अधिक फळशर्करा सुटते. प्रौढ रुग्णाची दैनिक मर्यादा अनेक आहारतक्ते दीड ग्रॅमच्या आसपास ठेवतात. बालकांसाठी ती वजनाच्या प्रमाणात व बरीच कडक असते. म्हणजे एक कप गोड चहासुद्धा मर्यादेबाहेर जातो. गुळात सुक्रोज साधारणतः 65 ते 85 टक्के, शिवाय मोकळी द्राक्षशर्करा व फळशर्करा असते. गूळ साखरेहून सोसवणारा, त्यातही सेंद्रिय गूळ निर्दोष, हा समज खेड्यांइतकाच शहरांतही पक्का आहे. या विकारापुरता त्याला कसलाही आधार नाही. मधात तर सुमारे 40 टक्के फळशर्करा मोकळीच असते. प्रदेशाची नावाजलेली फळे, म्हणजे मराठवाड्याचा केसर आंबा, जालन्याची मोसंबी व बीडचे सीताफळ, यांपैकी एकही चालत नाही.

खवा व दुधाचे पदार्थ : गोडाचा खरा आधार दूध हाच. धाराशिव जिल्ह्यातील भूम व आसपासच्या तालुक्यांत खव्याच्या भट्ट्यांचा व्यवसाय जुना असून कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन आहे. दुधात सुमारे 5 टक्के असलेली दुग्धशर्करा आटवल्यावर खव्यात 20 टक्क्यांच्या आसपास पोहोचते. तिची गोडी साखरेच्या पाचव्या भागाइतकीच असली, तरी साखरेची सवय नसलेल्या जिभेला भट्टीवरचा ताजा खवा पुरेसा गोड लागतो. त्याच खव्याचा पेढा मात्र साखर घालून होतो, म्हणून तो वर्ज्य. खवा भट्टीवरून बिनसाखरेचा घ्यावा. दुकानातील खवा साखरमिश्रित नसल्याची खात्री करून घ्यावी.

येथे एक तांत्रिक शंका उपस्थित होते. दूध दीर्घकाळ तापवल्यास दुग्धशर्करेचा अल्प अंश लॅक्ट्युलोजमध्ये बदलतो, आणि लॅक्ट्युलोजच्या रेणूत फळशर्करेचा घटक असतो. परंतु मानवी लहान आतड्यात त्याचे विघटन करणारा विकर नसल्याने तो घटक रक्तात पोहोचत नाही. त्यामुळे खवा, बासुंदी व रबडी निषिद्ध ठरवण्याचे कारण दिसत नाही. दुसरी शंका अधिक गंभीर आहे. द्राक्षशर्करा अल्कलीच्या सान्निध्यात तापवली की तिचा काही भाग फळशर्करेत पालटतो. ही अभिक्रिया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोब्री द ब्रॉइन व आल्बेर्डा व्हान एकेन्स्टाइन या डच रसायनशास्त्रज्ञांनी अभ्यासली व ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ग्लुकोजच्या पाकात खाण्याचा सोडा किंवा पापडखार घालून उकळण्याची कृती म्हणूनच टाळावी. ग्लुकोज पदार्थ चुलीवरून उतरवल्यावर घालणे सर्वांत बरे. तसे केल्याने खवा अकाली लालही होत नाही.

औषधाच्या दुकानात मिळणारी साधी, बिनस्वादाची ग्लुकोज पावडर घरगुती गोडाला उपयोगी पडते. संत्रे किंवा लिंबाच्या स्वादाच्या पुड्यांत साखर असू शकते. ग्लुकोजची गोडी साखरेच्या पाऊण पटीहून थोडी कमीच असल्याने प्रमाण वाढवावे लागते. साखरेसारखा एकतारी वा दोनतारी पाक तिचा जमत नाही, म्हणून पाकातले लाडू, जिलेबी, गुलाबजाम या वाटेला जाऊ नये. चक्क्यात ग्लुकोज मिसळून पुरणयंत्रातून काढलेले श्रीखंड मात्र उत्तम होते. ग्लुकोज विरघळताना उष्णता शोषून घेत असल्याने त्याला जिभेवर किंचित गारवाही असतो. साबुदाण्याची खीर, तांदळाची फिरनी, मैद्याच्या शेवयांची खीर हे पदार्थ वेलची, केशर, जायफळ यांच्या चिमटीसह चालतात. निजामी काळापासून रुळलेला शीरखुर्मा खजूर, मनुका व साखर वगळून, केवळ दूध-शेवयांवर करता येतो. जाणकार त्याला शीरखुर्मा म्हणतील काय, हा प्रश्न वेगळा. बदाम, काजू, खोबरे व शेंगदाणे यांतही थोडी ऊसशर्करा असते, म्हणून सजावटीपलीकडे वापर नसावा. डबाबंद आटीव दुधात साखर असते. साधी दूधपावडर चालते.

‘शुगर-फ्री’ मिठाई : रुग्णाच्या घरच्यांची सर्वाधिक फसगत येथे होते. मधुमेहींसाठीची मिठाई या विकारात सुरक्षित असेलच असे नाही. पुष्कळदा ती साध्या मिठाईइतकीच घातक असते. खजूर-अंजिराची बर्फी हे त्याचे उघड उदाहरण. वेष्टनावरील सॉर्बिटॉल (420), माल्टिटॉल (965), आयसोमाल्ट (953) व लॅक्टिटॉल (966) हे क्रमांक वर्ज्य समजावेत, कारण सर्वांच्या रेणूत सॉर्बिटॉल असतो किंवा पचनात तो सुटतो. मॅनिटॉलही (421) टाळतात. टॅगॅटोज ही शर्कराही ॲल्डोलेज-बी या विकरावरच अवलंबून असल्याने चालत नाही. सुक्रालोज (955) साखरेपासून बनवले जात असले तरी शरीरात त्यातून फळशर्करा सुटत नाही. स्टीव्हियातील गोड द्रव्येही (960) फळशर्कराविरहित असतात. मात्र दोहोंच्या पुड्यांत भर म्हणून काय घातले आहे ते पाहावे. इन्युलिन किंवा फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड (दोन्ही फळशर्करेच्या साखळ्या) असल्यास ती पुडी नको. झायलिटॉलबाबत तक्त्यांत एकवाक्यता नाही. पर्याय उपलब्ध असताना त्याचा आग्रह धरू नये हे मत स्वीकारार्ह वाटते.

सणवार : पुरणात हरभऱ्याची डाळ शिजवून पाणी काढून टाकतात, तेव्हा डाळीतील विद्राव्य शर्करेचा काही भाग त्या येळवणीत उतरतो. म्हणून येळवणीची आमटी रुग्णाला देऊ नये. निथळलेल्या डाळीत खवा व ग्लुकोज घालून, मैद्याच्या पारीत लहान पोळी करता येते. डाळीचे प्रमाण आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने ठरवावे. संक्रांतीला भाजलेला तीळ, दूधपावडर, तूप व ग्लुकोज यांची वडी तिळगुळाच्या जागी चालते. लातूर-धाराशिवकडील येळअमावस्येला ज्वारीचे आंबील व बाजरीचे उंडे यांवर भर द्यावा, गुळाची खीर सोडावी. हुरड्याच्या कोवळ्या दाण्यांत पिकलेल्या ज्वारीपेक्षा शर्करा अधिक असते. गुळभेंडीसारखे वाण तर गोडीसाठीच राखतात. ज्वारीची भाकरी चालते म्हणून हुरडाही चालेल असे नव्हे. पंचामृतातील दूध, दही व तूप योग्य, मध व साखर अयोग्य. तीर्थ घेण्याआधी सांगितले तर बहुतेक पुजारी नुसते दूध किंवा दही हातावर घालतात. खडीसाखर, बत्तासे व साखरगाठी म्हणजे शुद्ध ऊसशर्करा.

बाल्यावस्था : अंगावरचे दूध चालू असेतो बाळाला त्रास होत नाही. मध चाटवणे, मधात उगाळलेली बाळगुटी, गुळाचे पाणी किंवा उष्टावणाची गोड खीर यांतून पहिला संपर्क घडतो. ऊसतोडीच्या फडावर जाणाऱ्या कुटुंबांत तो उसाच्या कांडीतूनही होऊ शकतो. अशी मुले पुढे स्वतःहून गोडाला तोंड लावत नाहीत. त्यांना हट्टी ठरवून घास भरवण्याचे प्रकार घडतात. वस्तुतः हा तिटकारा निदानाची महत्त्वाची खूण आहे. मोठेपणी दातांना कीड जवळजवळ नसणे ही दुसरी. फळे वर्ज्य असल्याने क जीवनसत्त्व पूरक द्यावे लागते, तेही साखरविरहित गोळीच्या रूपात.

औषधे : बालकांच्या ताप-खोकल्याच्या पातळ औषधांत सुक्रोज किंवा सॉर्बिटॉल सामान्यतः असतो. रोटाव्हायरसच्या काही तोंडी लसींतही सुक्रोज असते, त्यामुळे घराण्यात हा विकार ज्ञात असल्यास लसीकरणापूर्वी डॉक्टरांना सांगावे. जुलाबात घरगुती साखर-मिठाचे पाणी देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार लिटरमागे 13.5 ग्रॅम ग्लुकोज असलेली बिनस्वादाची जलसंजीवनी किंवा मीठ घातलेली तांदळाची पेज योग्य. झटका आल्यास वा शुद्ध हरपल्यास शिरेतून ग्लुकोज देतात. फळशर्करा किंवा सॉर्बिटॉलयुक्त सलाइनने युरोपात या रुग्णांचे मृत्यू ओढवले आहेत.