मोठ्या कामाचं काँक्रीट थंड करूनच का ओतायचं?

जाड राफ्ट (इमारतीखालचा सलग पाया), पाइल कॅप (जमिनीत खोल गाडलेल्या खांबांवरचा जाड ठोकळा) किंवा पुलाचा खांब भरायचा असेल, तर आमच्याकडे तयार काँक्रीटची ऑर्डर देण्याआधी हे वाचावं ही विनंती.

सिमेंटला पाणी लागलं की उष्णता सुटते. पातळ स्लॅबमधून ती सहज निघून जाते, दोन मीटर जाडीच्या राफ्टच्या पोटात मात्र अडकून बसते. घनमीटरमागे दर 100 किलो सिमेंटला गाभा साधारण 10 ते 12 अंशांनी तापतो. म्हणजे 400 किलो सिमेंटचा माल 35 अंशांवर ओतला, तर गाभा 75 च्या पुढे जातो. वरचा थर तोवर निवून आकसू लागतो, फुगलेला गाभा त्याला आकसू देत नाही, आणि तडा जातो. म्हणून दोन्हींतला फरक 20 अंशांच्या आत आणि गाभा 70 च्या खाली ठेवायचा, हा आमचा हिशेब.

काँक्रीटच्या वजनात खडी-वाळूच जवळपास तीन चतुर्थांश. ती दोन अंशांनी उतरली की माल अंदाजे एका अंशाने उतरतो. त्यामुळे ढिगावर शेड आणि खडीवर फवारा, ही सुरुवात. त्यानंतर बर्फ. एक किलो बर्फ नुसता वितळताना जेवढी उष्णता ओढतो, तेवढ्यात चार किलो पाणी 20 अंशांनी थंड होईल! घनमीटरला 10 किलो पाण्याऐवजी बर्फ घातला, तर तापमान सुमारे दीड अंशाने खाली येतं. पण बर्फ पाण्याच्या हिशेबातच धरायचा, वरून नाही. आणि तो चुराच हवा. सुरुवातीच्या एका कामात आम्ही लाद्या फोडून घातल्या होत्या. नंतर कोअर (तपासणीसाठी कापलेला काँक्रीटचा नळकांडीसारखा तुकडा) काढला, तर त्यात अंगठ्याएवढी पोकळी निघाली, न वितळलेल्या खड्याची. तेव्हापासून मिक्सरमध्ये बर्फ पूर्ण विरघळल्याशिवाय गाडी सोडत नाही.

काही सिमेंटच्या जागी फ्लाय अ‍ॅश किंवा स्लॅग (अनुक्रमे औष्णिक वीजकेंद्रातली राख आणि लोखंडाच्या भट्टीतला मळ) घेतल्यास मुळात उष्णताच कमी होते. डिझायनरची संमती मात्र हवी.

साइटवर प्रत्येक गाडीचं तापमान तुमच्यासमोर मोजून लिहू. माल घट्ट वाटला तरी गाडीत पाणी मारू नका, आम्हाला सांगा. ओतल्यानंतर तापलेल्या पृष्ठभागावर गार पाणी सोडणं हीच सर्वांत घातक चूक. उलट तो झाकून उबदार ठेवा. गाभा निवेपर्यंत थर्मोकपलचे (काँक्रीटमध्ये ठेवलेल्या तापमापक तारांचे) आकडे पाहूनच आच्छादन काढा.

चौकशी करताना जाडी, ग्रेड (काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) आणि भराईची वेळ कळवा. बर्फ किती लागेल ते त्यावरच ठरतं.